विश्वास आहे, म्हणूनच हिशोब

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



या आठवड्याचा पाठ व्यवस्थापनाचा आहे. नाव मोठं वाटतं, पण विषय घरचाच. आपल्या परिवारात कुणाचं किराणा दुकान आहे, कुणी शिलाई करतं, कुणी बचत गटात आहे. आणि "आपलीच माणसं, हिशोब कशाला?" हे आपण सगळेच म्हणतो. मीही म्हणत होते. ते कसं महागात पडलं ते आधी सांगते.

मागच्या वर्षी नौबादच्या आम्ही सहाजणींनी ज्वारीच्या कडक भाकरी करून विकायचं ठरवलं. उरलेले पैसे अन्नदानाला द्यायचे, असा हेतू. एका वेळेला १०० भाकरी, ५ रुपयाला एक, म्हणजे ५०० रुपये. ज्वारी, दळण, तीळ-मीठ मिळून ३०० खर्च. दरवेळी २०० उरणार, असं तोंडीच धरलं. पैशाचा डबा आमच्यातल्या सगळ्यात लहान भगिनीकडे. खर्च लागला की डब्यातून घ्यायचा, लिहायचं कुणी नाही.

अकरा वेळा भाकरी झाल्या. २,२०० रुपये असायला पाहिजेत. डब्यात निघाले २२०. मी वयाने मोठी, म्हणून मीच विचारलं, "अगं, बाकीचे कुठे गेले?" शब्द साधे होते, पण सूर बरा नव्हता. तिने डबा माझ्यापुढे ठेवला आणि दुसऱ्या गुरुवारपासून सत्संगाला यायची बंद झाली.

रात्री झोप येईना. बी.कॉम. झालेली बाई मी, वही घेऊन बसले. एका वेळेचा गॅस ८० रुपये, पिशव्या ४०, ऑटो ६०. झाले १८०. म्हणजे २०० नाही, २० च उरत होते. अकरा वेळचे २२०. डब्यात पै न् पै बरोबर होती! चोरी झालीच नव्हती, खर्च धरायचा राहिला होता. आणि सहाजणींची मजुरी तर त्यातही धरलेली नव्हती.

*आता पाठ*

हेन्री फेयॉल नावाच्या फ्रेंच खाण अभियंत्याने १९१६ साली व्यवस्थापनाची पाच कामं सांगितली: नियोजन, संघटन, नेतृत्व, समन्वय आणि नियंत्रण. ती समजायला लिज्जत पापडाची गोष्ट पुरे. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी चार पाकिटं. त्यातल्या जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली.

१) *नियोजन:* पुढचं आधी बघणं. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात, चार महिने काम बंद पडलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी खाट आणि शेगडी घेतली. पापड खाटेवर, शेगडी खाली. अडचण एकदा आली तर ठीक, दुसऱ्यांदा तयारी पाहिजे.

२) *संघटन:* कोणाचं काम कोणतं, हे ठरलेलं असणं. तिथे सकाळी मळलेलं पीठ मिळतं, बहिणी घरी लाटतात, वाळलेले पापड दुसऱ्या दिवशी आणून देतात आणि लाटण्याचे पैसे घेतात.

३) *नेतृत्व:* वाट दाखवणं. सुरुवातीला त्या चांगला आणि स्वस्त हलका असे दोन प्रकार करत. त्यांना पैसे देणारे छगनलाल पारेख म्हणाले, एकच करा, उत्तम करा. शिवाय तोटा झाला तरी दान घ्यायचं नाही, हेही ठरलं.

४) *समन्वय:* सगळ्यांचा मेळ. तिथली प्रत्येक बहीण मालकीण आहे. नफा वाटून, तोटाही वाटून.

५) *नियंत्रण:* ठरवलं तसं झालं का, हे तपासणं. हा धंदा आहे, धंद्यासारखा चालवा, हिशोब नीट ठेवा, असा पारेख यांचा आग्रह होता. आमचं नेमकं इथेच चुकलं.

आपल्याच जिल्ह्यात बसवकल्याणला बाराव्या शतकात बसवण्णांनी कायक आणि दासोह शिकवला. कायक म्हणजे प्रामाणिक कष्ट, दासोह म्हणजे त्या कष्टातलं समाजाला देणं. आम्ही दासोहाला निघालो, पण कायकाची किंमतच मांडली नव्हती. जे उरलंच नाही ते देणार कुठून?

आपल्याला वाटतं, हिशोब मागितला म्हणजे अविश्वास दाखवला. उलट आहे. त्या मुलीकडे वही असती तर मला विचारायची वेळच आली नसती. वहीने तिची अब्रू राखली असती आणि माझी जीभही.

मी तिच्या घरी जाऊन माफी मागितली. चहा दिला तिने, पण बोलली नाही. मग पाचहीजणींसमोर मी ते आकडे वाचून दाखवले आणि चूक माझी म्हणून सांगितलं. दोन महिन्यांनी ती आली. आता भाकरी ७ रुपयाला आहे, दर खेपेला वहीवर दोघींच्या सह्या होतात, आणि वही तिच्याच हातात आहे.

*या आठवड्याचा स्वाध्याय* (घरातल्या सगळ्यांनी मिळून करावा)

• घरातला एक व्यवसाय किंवा एक सामाईक खर्च निवडा. त्याचा प्रत्येक खर्च सात दिवस लिहा. गॅस, वीज, जाण्यायेण्याचं भाडं आणि स्वतःची मजुरी सोडू नका.

• घरखर्चाचे पैसे आणि धंद्याचे पैसे वेगळ्या डब्यात ठेवा.

• आठव्या दिवशी सगळ्यांसमोर वाचा. मुलांनाही बसवा.

• हिशोब न बघता कुणावर संशय घेतला असेल, तर आधी आकडे मांडा, आणि चूक आपली निघाली तर जाऊन सांगा.

काय आढळलं ते आपापल्या परिवार गटात जरूर कळवा. गुरुवारी सत्संगात त्यावर बोलू.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥

– एक सेवेकरी भगिनी, नौबाद