शॉर्ट झालेली गाडी : फ्यूज बदलण्याआधी



या वेळच्या अभ्यासाला गाडीचा विषय घेतला आहे. आपल्यापैकी अनेकांच्या मदतीवर कोंडाण्याच्या बाजूला गाडी फिरते. राजमाचीच्या पायथ्याचा हा भाग लेण्यांमुळे सहलीच्या लोकांना माहीत आहे, पण लेण्यांची वाट सोडून आत वळले की ठाकर आणि कातकरी वाड्यांकडे जाणारे रस्ते पावसाळ्यात पाण्याखाली किंवा चिखलाखाली असतात. 108 क्रमांकाची रुग्णवाहिका 2014 पासून महाराष्ट्रात सुरू आहे आणि तिचा उपयोग मोठा आहे. तरीही भातलावणीच्या दिवसांत रात्री कोणाला साप चावला, किंवा बाईच्या पोटात कळा सुरू झाल्या, तर रेंज मिळून फोन लागेपर्यंत दारात उभी असलेली गाडीच कर्जतला निघते. ती गाडी सेल्फ मारल्यावर गप्प राहिली तर काय करायचे, हे चालकाला आणि सोबतच्या माणसाला ठाऊक असायला हवे.

आधी शॉर्ट म्हणजे काय ते पाहू. भाताच्या खाचरात पाणी बांधाने अडवून, वळवून, हवे तिथे नेतात. बांध फुटला की पाणी पिकाकडे न जाता जवळच्या उतारावरून सुसाट निघून जाते. गाडीत बॅटरीच्या प्लसकडून निघालेला करंट बल्ब, हॉर्न, मोटर यांतून काम करून बॉडीमार्गे मायनसकडे परततो. सोललेली वायर पत्र्याला टेकली की मधले काम गळते आणि करंट थेट परत येतो. हिशेब करा : 55 वॉटचा हेडलाइटचा बल्ब 12 व्होल्टवर साडेचार अँपिअरच्या आसपास घेतो. त्याच ठिकाणी अडथळा अवघा 0.05 ओहम उरला तर करंट 240 अँपिअरवर जातो, म्हणजे पन्नास पटीहून अधिक. वायरमधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणून त्याच वायरीत अडीच हजार पटीहून जास्त उष्णता. प्लास्टिक वितळायला काही सेकंद पुरतात. फ्यूज आहे तो यासाठी. वायर जळण्याआधी तो स्वतः जळतो.

यावरून कळेल की फ्यूज उडाला तर बिघाड फ्यूजमध्ये नसतो. पण माझ्या पाहण्यात दहापैकी नऊ माणसे पहिली गोष्ट करतात ती फ्यूज बदलण्याची. तो पुन्हा उडाला की मोठा घालतात, आणि तोही उडाला की तांब्याची तार किंवा बिस्किटाच्या पुड्याची चांदी गुंडाळतात. ज्या गाडीत आपण रुग्ण झोपवतो तिच्यात हे करू नये. 10 अँपिअरचा फ्यूज लाल, 15 चा निळा, 20 चा पिवळा, 30 चा हिरवा. लाल गेला तर लालच घालायचा, आणि तोही कारण सापडल्यावर.

एक उदाहरण सांगतो. पावसाळ्यात आमच्या जुन्या जीपची बॅटरी घट्ट करताना पाना घसरला, त्याचे एक टोक प्लसला आणि दुसरे पत्र्याला लागले. निळी ठिणगी, कडकडाट, आणि त्यानंतर दिवे, हॉर्न, सेल्फ सगळे बंद. मदतीला असलेला वाडीतला पोरगा म्हणाला, "दादा, फ्यूज उडाला आसंल. नवीन टाकू का?" चालकदादा म्हणाले, "थांब. आधी मायनस काढ, नि बोटातली अंगठी काढून खिशात ठेव."

दादांचा क्रम बरोबर होता. मायनस आधी काढला की पाना पत्र्याला लागला तरी ठिणगी पडत नाही. जोडताना तो शेवटी जोडायचा. नंतर दहा-पंधरा मिनिटे गाडीला हात लावायचा नाही. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तो ठिणगीने पेटतो, म्हणून तिच्यावर तोंड आणून वाकायचे नाही आणि विडी तर जवळही आणायची नाही. खोके फुगले, तडकले किंवा पाझरले असेल तर ती बॅटरी पुन्हा जोडू नये. आम्ल डोळ्यात गेले तर भरपूर पाण्याने बराच वेळ धुवून लगेच दवाखाना गाठावा.

मग विचार करायचा, करंट गेला कुठून? पाना, पत्रा, बॉडीची अर्थिंगची पट्टी, मायनस, इतकाच तो मार्ग होता. फ्यूजची पेटी त्या वाटेवर नव्हतीच. पोराने सगळे फ्यूज काढून पाहिले असते तर ते धडधाकट निघाले असते आणि रात्र गेली असती. आम्ही मल्टीमीटर लावला. बॅटरीच्या दोन टोकांत 12.4 व्होल्ट, म्हणजे ती जिवंत होती. मायनस परत जोडून, दिव्यांचे बटण चालू करून मायनसचे टोक आणि बॉडी यांच्यात मोजले. तिथे शून्याच्या जवळ यायला हवे, आले जवळपास 12. म्हणजे पट्टीच तुटली होती. गंजलेला बोल्ट त्या झटक्यात जळून सुटला होता. जंपर केबलची एक वायर मायनसपासून इंजिनच्या चांगल्या धातूला लावताच दिवे लागले. दुसऱ्या दिवशी बोल्टची जागा पॉलिश पेपरने घासून नवी पट्टी बसवली.

जंपर केबल उलटी लागली तर गोष्ट वेगळी. तेव्हा मुख्य फ्यूज आणि अल्टरनेटरमधले डायोड जातात. गाडी सुरू होऊनही चार्जिंगचा दिवा विझत नसेल, किंवा इंजिन चालू असताना बॅटरीवर 13.8 ते 14.5 च्या दरम्यान व्होल्ट येत नसतील, तर लांबच्या प्रवासाला निघू नये. चार्जिंग पाहण्यासाठी चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून बघण्याची जी जुनी सवय आहे ती मोडा. त्यात नव्या गाड्यांचे इलेक्ट्रॉनिक भाग जातात.

सगळ्यात त्रासदायक ते वारंवार एकच फ्यूज उडणे. यासाठी आठ-दहा नवे फ्यूज जाळण्यापेक्षा ब्रेक लाइटचा 21 वॉटचा बल्ब आणि वायरचे दोन तुकडे घ्या. त्या फ्यूजवर चालणारी सगळी बटणे बंद करा, उडालेला फ्यूज काढा आणि त्याच्या दोन खाचांमध्ये बल्ब जोडा. पुढे कुठे शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण प्रकाशाने पेटेल. तो पावणेदोन अँपिअरपेक्षा जास्त जाऊच देत नाही, म्हणून वायर तापत नाही आणि तुम्हाला शांतपणे शोधायला वेळ मिळतो. आता एकेक कनेक्टर काढत जा, वायरिंग हाताने हलवत जा. ज्या क्षणी बल्ब विझेल किंवा मंद होईल, तिथेच दोष. बटण बंद असताना शॉर्ट दिसत नसेल तर तो बटणाच्या पुढे आहे. मग त्या वस्तूची वायर तिच्यापाशी सोडवून बटण चालू करा आणि पुन्हा पाहा.

आपल्या भागात कुठे पाहावे तेही सांगतो. मागच्या दिव्यांची वायर चिखल उडतो तिथून जाते, ती पहिली. मग दाराच्या बिजागरीपाशी, आणि इंजिन व केबिनमधल्या पत्र्याच्या भोकात, जिथे रबर निसटलेले असते. भाताची पोती झाकून ठेवायच्या हंगामात गाडी शेजारी उभी असेल तर बॉनेटखाली उंदरांचे काम असणारच. आणि ज्या वस्तू नंतर बसवल्या जातात, म्हणजे जादा दिवे, टेप, पंखा, त्या फ्यूजशिवाय थेट बॅटरीवर जोडलेल्या असतात. प्रेमाने दिलेल्या असतात, हे मान्य, पण जोडणारा फ्यूज लावतो आहे का हे देणाऱ्याने उभे राहून पाहावे.

पिवळ्या आवरणातल्या वायरी एअरबॅगच्या असतात. त्यांना बल्ब किंवा मीटर लावू नका. इंजिनच्या कंट्रोल पेटीच्या वायरींवरही बल्ब नको, तिथे फक्त मीटर, आणि खात्री नसेल तर गॅरेज.

कोणी विचारतात, गाडीसाठी काय पाठवू? एक साधा मल्टीमीटर, 21 वॉटचा बल्ब होल्डरसहित, रंगांप्रमाणे फ्यूज, 10 नंबरचा पाना, चिकटपट्टी, टॉर्च आणि पाण्याची बाटली एका डब्यात घालून पाठवा. फ्यूजपेटीच्या झाकणावरचा तक्ता पहिल्या दोन पावसाळ्यांतच पुसट होतो किंवा झाकणच हरवते, म्हणून त्याचा स्पष्ट फोटो मोठा छापून, प्लास्टिकमध्ये घालून त्याच डब्यात ठेवा.