व्हायोलिन शिकून पोट भरतं का?

नागपुरात पालकसभेत हा प्रश्न हमखास येतो. अशा वेळी अँथनी गोन्साल्विस यांची गोष्ट सांगा. ते गोव्यातल्या माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक. १९४३ साली मुंबईत येऊन नौशादांच्या वाद्यवृंदात वाजवू लागले. पोट भरलं ते सिनेमाच्या रेकॉर्डिंगवर. समोरचं नोटेशन वाचायचं आणि सगळ्यांचा गज एकाच वेळी, एकाच दिशेनं फिरवायचा. (एकट्यानं छान वाजवून भागत नाही, हे मुलांना लवकर पटत नाही!) जीव मात्र राग आणि सिंफनी यांच्या मेळात. त्यासाठी १९५८ मध्ये त्यांनी स्वतःचा वाद्यवृंद उभारला. पडद्यावर नाव गाजलं ते १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यामुळे, संगीतकार जोडीतले प्यारेलाल त्यांचेच शिष्य.