खोट्या दागिन्यांची खरी पारख



गेल्या काही महिन्यांत गटांच्या बैठकीत एक प्रश्न बऱ्याच ठिकाणी आला. "ताई, मोबाईलवर दाखवतात, जुनी प्लास्टिकची पर्स नि जुने खोटे दागिने हजारोंना विकले जातात म्हणे. खरं का?"

खरं आहे, पण मोजक्याच वस्तूंच्या बाबतीत. कुठल्या वस्तूला भाव येतो आणि का येतो, हे कळलं तर कुणी आपल्याला फसवणार नाही, आणि पेटीतलं काही मोलाचं असेल तर ते वाटी-चमच्याच्या बदल्यात जाणार नाही. म्हणून या अंकातला अभ्यास याच विषयावर.

हा छंद मुख्यतः अमेरिकेतला. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या खिडक्यांसाठी काचेसारखं आरपार दिसणारं ॲक्रिलिक प्लास्टिक वापरत. ड्यूपॉन्ट कंपनीच्या अशा प्लास्टिकचं नाव ल्युसाइट. १९४५ ला युद्ध संपलं आणि न्यूयॉर्क, मायामी अशा शहरांतल्या कारागिरांनी याच प्लास्टिकच्या बायकांच्या बॅगा बनवायला घेतल्या. बॅगा म्हणजे आपल्या पिशवीसारख्या मऊ नव्हेत, कडक डबेच! कुणी चौकोनी, कुणी नळकांड्यासारखी, तर लुएलिन या नावाची एक बॅग चक्क मधमाश्यांच्या पोळ्याच्या आकाराची, झाकणावर धातूच्या माश्या बसवलेली. विलार्डी हे त्यातलं सगळ्यात नावाजलेलं नाव. या बॅगांचं बरंचसं काम हातानं व्हायचं, म्हणून त्या तेव्हाही महाग होत्या. पुढे साच्यात प्लास्टिक ओतून धडाधड स्वस्त बॅगा निघू लागल्या आणि १९५० चं दशक संपता संपता ही फॅशनच गेली. आज शोधतात त्या या हातानं केलेल्या बॅगा. म्हणजे नुसतं "प्लास्टिक आहे आणि जुनं आहे" एवढ्यावर भाव ठरत नाही.

आता बांगड्यांकडे येऊ. बेकेलाइट हे नाव तुम्ही ऐकलं नसेल, पण ते रोज हातात धरता. कुकरच्या नि तव्याच्या काळ्या मुठी पुष्कळदा त्याच्याच असतात, जुने काळे बटण-होल्डरही त्याचेच. लिओ बेकलँड या शास्त्रज्ञानं ते १९०७ मध्ये शोधलं. अमेरिकेत १९३० च्या आसपास मंदी आली, लोकांकडे सोन्याचांदीला पैसा उरला नाही, तेव्हा बेकेलाइटच्या कोरीव, रंगीत बांगड्या बायकांनी हौसेनं घातल्या. आपल्याकडेही दुष्काळाच्या वर्षी सोनं गहाण जातं आणि लग्नाला बेन्टेक्स घालून जावं लागतं, तशातलाच तो प्रकार. त्याच बांगड्यांचा आज संग्रह होतो.

बेकेलाइट ओळखतात कसं? हातात घेतलं की साध्या प्लास्टिकपेक्षा जड लागतं. दोन बांगड्या एकमेकींवर आपटल्या तर टकटक असा भरीव आवाज येतो. साच्याची उभी रेघ सहसा दिसत नाही. अंगठ्यानं जोरात चोळून गरम केलं, किंवा क्षणभर गरम पाण्याखाली धरलं, की जंतुनाशक औषधासारखा उग्र वास येतो. जुना रंगही बदललेला असतो: पांढऱ्याचा पिवळसर होतो आणि निळ्याचा हिरवट.

वासाची गंमत पुढे आहे. गरम केल्यावर कापराचा वास आला तर ते सेल्युलॉइड, कारण ते बनवताना कापूर घालतात. आणि जळक्या दुधासारखा वास आला तर ते दुधाचं प्लास्टिक! ऐकून हसू येईल, पण दूध नासवून जो चोथा निघतो त्यातलं केसीन दाबून, फॉर्मेलिनमध्ये मुरवून कडक करायचे. त्याची बटणं, मणी, फण्या युरोपात भरपूर निघाल्या. आपल्या डेअरीवरच्या मैत्रिणींना हे मुद्दाम सांगावंसं वाटलं.

एक गोष्ट मात्र करू नका. काही व्हिडिओत सुई लाल करून टोचायला सांगतात. सेल्युलॉइड झटकन पेट घेतं, हात भाजेल. आणि टोचलेल्या वस्तूची किंमतही गेलीच.

दागिन्यांमध्ये पहिली पारख पाठीमागून. अमेरिकेतल्या ट्रिफारी कंपनीच्या खोट्या दागिन्यांमागे नाव कोरलेलं असतं, बऱ्याचदा टी या अक्षरावर मुकुट असतो. या कंपनीचा मान केवढा, तर १९५३ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या पत्नीनं शपथविधीच्या समारंभात ट्रिफारीचे खोटे मोती घातले होते. एवढ्या मोठ्या घरची बाई, आणि खोटे मोती! तिला त्यात कमीपणा वाटला नाही. आपल्याकडे मात्र "बेन्टेक्सच आहे" असं कुजबुजत सांगतात, ते मला कधी पटलं नाही.

युद्धाच्या काळात काही धातूंवर निर्बंध आले, तेव्हा ट्रिफारीसारख्या कंपन्यांनी चांदीवर सोन्याचा मुलामा दिला. अशा दागिन्यामागे 'स्टर्लिंग' असा शिक्का असतो. म्हणजे खोटा म्हणून ठेवलेला दागिना आतून चांदीचा निघतो. १९५५ नंतरच्या अमेरिकन दागिन्यांवर गोलातल्या सी या अक्षराची खूण सर्रास दिसते, त्यावरून साल ठरवायला मदत होते. शिक्का नसला तर वस्तू टाकाऊ असं नाही, पण मग ती कुणाची हे सिद्ध करणं अवघड, आणि सिद्ध झालं नाही की भाव पडतो.

दुसरी पारख अवस्थेची, आणि इथं बायका सगळ्यात जास्त नुकसान करून घेतात. खड्यांचा दागिना पाण्यात बुडवून घासायचा नाही. खड्याच्या मागे चमकीचा पातळ थर असतो. पाणी आत गेलं की तो काळा पडतो आणि खडा मेल्यासारखा दिसतो. ओलसर मऊ कापडानं पुसा आणि लगेच कोरडा करा. घाम, अत्तर, पावडर यांनी मुलामा उडतो, म्हणून आधी नटायचं आणि दागिना शेवटी घालायचा. काढताना उलटं, आधी दागिना. मुलामा गेला की खालच्या पितळेवर हिरवा थर धरतो. बिनकल्हईच्या पितळी भांड्यात ताक कळकतं ना, तसलाच तो प्रकार. असा हिरवा झालेला दागिना बाकीच्यांपासून वेगळा ठेवा.

प्लास्टिकलाही म्हातारपण येतं. ल्युसाइटची बॅग पत्र्याच्या तापलेल्या खोलीत पडून राहिली तर तिला बारीक चिरा पडतात, ती धुरकट होते, तिला रसायनाचा वास सुटतो. असा वास असलेली वस्तू बाकीच्यांसोबत कोंडू नये, संग्रह करणारे तिला लांबच ठेवतात. स्पिरिट किंवा सॅनिटायझरनं पुसाल तर उरलेली बॅगही तडकेल. कोमट पाणी, थोडा साबण, मऊ फडकं, एवढं पुरे. एका तड्यानं बॅगेची किंमत कितीतरी खाली येते.

मग आपल्या पेटीत काय असेल? विलार्डीची बॅग निघण्याची आशा धरू नका. पण पणजीच्या काळच्या काचेच्या बांगड्या असतील तर जपा. आजच्या चेक देशात याब्लोनेत्स नावाचं गाव आहे, जुनं नाव गाब्लोन्झ. पहिल्या महायुद्धाआधी तिथून काचेच्या बांगड्या आणि मणी भारतात खूप यायचे. आई-मावशीनं विणलेली प्लास्टिक वायरची पिशवी असेल तर तीही पोटमाळ्यावरून खाली काढा. कुणी विणली, साधारण कधी, हे कागदावर लिहून आत ठेवा. तेवढा कागद नसेल तर पुढच्या पिढीला ती नुसती जुनी पिशवी.

आणि पिवळा दिसणारा जुना दागिना "खोटाच असेल" म्हणून दारावरच्या मोडवाल्याला द्यायच्या आधी सराफाकडून तपासून घ्या. शक्य असेल तर दोन सराफांकडून. आपल्यासमोर तपासायला सांगा. जुन्या दागिन्यावर हॉलमार्क नसतो, म्हणून तो खोटा ठरत नाही.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते. "तुमची जुनी वस्तू लाखाला घेतो, फक्त आधी रजिस्ट्रेशन फी भरा" असा फोन आला की तो फसवणुकीचाच समजा. जुन्या नोटा-नाण्यांच्या नावानं हेच चालतं, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेनं त्याबद्दल लोकांना सावध केलं होतं. खरा घेणारा तुमच्याकडून पैसे मागत नाही. तो वस्तूचे फोटो मागेल, पाठीमागचा शिक्का विचारेल, कुठं तडा आहे का ते विचारेल. गटातून कर्ज काढून कुणी अशी फी भरली तर लाख मिळोत न मिळोत, हप्ता मात्र दर महिन्याला भरावाच लागेल. पैसे गेलेच तर लाजू नका, वेळ घालवू नका, लगेच १९३० या नंबरवर फोन करा.

जाता जाता, ठुशी, नथ, मोत्याचे तन्मणी करणाऱ्या गटांसाठी. ट्रिफारीचा दागिना सत्तर वर्षांनी ओळखू येतो तो पाठीवरच्या बारीक नावामुळे. तुमची नथ प्रदर्शनात विकली गेली की त्याच संध्याकाळी ती निनावी होते. गटाचं नाव, गाव आणि साल छापलेलं छोटं कार्ड डबीत घालायला फार खर्च नाही. ठुशीच्या मागच्या पत्रीवर खूण उमटवता येते का, हे तुमच्या कारागिराला विचारा.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं घरातली एक जुनी खोटी वस्तू आणायची. बांगडी, पिन, पर्स, काहीही चालेल. पाठीमागे काय लिहिलंय, मुलामा कुठं उडालाय, वास कसला येतो, हे मिळून बघू. गरम पाण्याचा थर्मास मी आणते. खड्यांचे दागिने मात्र त्यात घालायचे नाहीत, लक्षात आहे ना?