काळ्या जमिनीवरील अंगणातील पाण्याचा निचरा

शेतावर पाहुण्यांची सोय करणाऱ्या कृषी पर्यटन केंद्रांत घरापुढील अंगणात कृत्रिम हिरवळ अंथरण्याची पद्धत अलीकडे आपल्याकडे रूढ होत आहे. उन्हाळ्यात ती नीटनेटकी दिसते. परंतु अंगण भारी काळ्या जमिनीवर असेल तर मृगाचे दोन-चार पाऊस होताच तीवर पाणी साचते, पायाखाली चिखल पचपचतो, दुर्गंधी सुटते आणि खर्च वाया गेला असे शेतकऱ्यास वाटू लागते. दोष बहुधा हिरवळीचा नसून तिच्याखालील जमिनीचा असतो. ही हिरवळ प्रसिद्धीस आली ती १९६६ साली, अमेरिकेतील ह्यूस्टन शहरातील एका छप्पर असलेल्या क्रीडागृहामुळे. तेथे पावसाचा प्रश्नच नव्हता. आपल्या अंगणात तो पहिला प्रश्न आहे.

थोडा हिशेब पाहू. एक गुंठा अंगणावर ५० मि.मी. पाऊस पडला तर सुमारे ५,००० लिटर पाणी जमा होते. पूर्ण भिजलेली चिकण माती तासाला १ ते ५ मि.मी. एवढेच पाणी मुरवते. २ मि.मी. धरले तरी हे पाणी मुरावयास २५ तास लागतील, आणि तोवर दुसरी सर आलेली असते. पायांनी व वाहनांनी चेपलेल्या अंगणात हा वेग याहूनही कमी असतो. तेव्हा काळ्या जमिनीत पाणी खाली जिरविण्याचा आग्रह सोडून ते बाजूने बाहेर काढणे हाच मार्ग होय.

या बाबतीत प्रस्तुत लेखकाकडून एकदा चूक झाली, ती सांगणे उपयुक्त होईल. मे महिन्यात एका शेतकऱ्याच्या अंगणात खड्डा खणून त्यात पाणी भरून पाहिले. पाणी पाहता पाहता नाहीसे झाले. त्यावरून कडेला शोषखड्डा घेण्याचा सल्ला दिला. जुलैत तो खड्डा तुडुंब भरला आणि पाणी उलट हिरवळीखाली शिरले. "साहेब, हा तर हौद झाला," असे तो शेतकरी म्हणाला, आणि त्याचे खरे होते. उन्हाळ्यात काळी जमीन आकसून तिला खोल भेगा पडतात. मेमधले पाणी भेगांत गेले होते, मातीत मुरले नव्हते. पावसाने माती फुगली, भेगा मिटल्या आणि वाट बंद झाली. म्हणून ही परीक्षा भर पावसाळ्यातच करावी. दीड फूट खोल खड्डा पाण्याने भरून रात्रभर ठेवावा, सकाळी पुन्हा भरावा आणि तासाभरात पातळी किती उतरते ते मोजावे. थोड्या खोलीवर मुरूम लागत असेल तर मुरमापर्यंत नेलेला शोषखड्डा चालतो. नदीकाठच्या खोल काळ्या जमिनीत ग्रामसेवकांनी तो सुचवू नये.

बिघडलेले अंगण दुरुस्त करण्याचे काम पाऊस सरल्यावर, जमिनीस वाफसा आला असताना हाती घ्यावे. ओल्या चिखलात काम केल्यास माती आणखी घट्ट होते. प्रथम पाणी कोठे सोडावयाचे ते ठरवावे: ओढा, रस्त्याकडेचा चर, किंवा स्वतःच्या शेताचा सखल कोपरा. शेजाऱ्याच्या अंगणात सोडू नये. निम्मे तंटे तेथूनच सुरू होतात. छपराच्या पागोळ्यांचे पाणी पन्हळ लावून अंगणाबाहेर न्यावे. कित्येक ठिकाणी एवढ्यानेच निम्मे काम होते.

नंतर हिरवळ गुंडाळून खालची खडी काढावी. ती बहुधा चिखलाने माखलेली आढळेल, कारण माती व खडी यांच्यामध्ये कापड घातलेले नसते. आता मुख्य गोष्ट. उतार वरच्या खडीला देऊन भागत नाही. तो खालच्या मातीलाच दिला पाहिजे, कारण हिरवळीतून व खडीतून उतरलेले पाणी मातीच्या पाठीवरूनच वाहणार असते. हा उतार घरापासून दूर जाणारा व १० फुटांस अडीच इंच असावा. गवंड्याकडील पाण्याच्या पारदर्शक नळीने तो तपासावा, डोळ्यांवर विसंबू नये. माती धुम्मसाने ठोकून तीवर जिओटेक्स्टाइल या नावाने मिळणारे जाड कापड पसरावे, त्यावर २० मि.मी. खडीचा ४ इंचांचा थर व वर बारीक खडीचा दीड इंचाचा थर द्यावा. दगडाची भुकटी घालू नये. ती पाण्याची वाट बुजवते. मातीत वाळू मिसळण्याचा उपायही व्यर्थ आहे. जिप्सम चोपण जमिनीस गुणकारी असते, सरसकट सर्व काळ्या जमिनीस नव्हे.

सखल कडेला एक फूट रुंद व सुमारे सव्वा फूट खोल चर काढावा. त्यात ४ इंची छिद्रांचा नळ, छिद्रे खाली करून, कापड व खडी यांच्या वेष्टनात बसवावा आणि त्यास दर १० मीटरला १० सें.मी. उतार द्यावा. घराच्या पायालगत हा चर घेऊ नये. पायाजवळची माती फुगून-आकसून भिंतीस तडे जातात. एका गुंठ्याच्या अंगणास वरच्या कडेच्या मातीपासून नळाच्या तोंडापर्यंत किमान अडीच फूट उतार मिळावयास हवा. तो न मिळाल्यास नळाऐवजी उथळ, उघडा दगडी पाट करावा. अंगणाभोवती विटांची कड बांधली असेल तर सखल बाजूस तिला जागोजाग भोके ठेवावीत, नाहीतर अंगणाची परातच होते. झिजलेल्या हिरवळीचे प्लॅस्टिकचे तंतू पाण्याबरोबर वाहून येतात, म्हणून हे पाणी विहिरीत किंवा गुरांच्या हौदात जाऊ देऊ नये.

नळाच्या तोंडास उंदरांसाठी जाळी बसवावी. दर वर्षी मृगापूर्वी अंगणाच्या वरच्या कडेला दोन-तीन पिंपे पाणी ओतून तोंडाशी उभे राहावे. बराच वेळ धार न लागल्यास जाळीपासून आरंभ करून नळ साफ करावा.