ताळा पाहण्याचा खर्च

गणित सुटल्यावर ताळा पाहण्यास आमचे विद्यार्थी नाखूष असतात; त्यांत वेळ फुकट जातो, असें त्यांस वाटतें. पुष्कळ कारखानदारांसही तपासणीचा खर्च असाच फुकट वाटतो. हा समज कितपत खरा आहे, तें आम्ही येथें पाहूं.

अमेरिकन इंजिनिअर आर्मंड फायगेनबाउम ह्यांनीं १९५६ सालीं गुणवत्तेच्या खर्चाचे तीन भाग सांगितले. पहिला दोष मुळांतच टाळण्याचा : आराखडा विचारपूर्वक आंखणें, कामगारांस शिकविणें. दुसरा तपासणीचा. तिसरा अपयशाचा : बिघडलेला माल टाकणें, पुन्हां करणें, गिऱ्हाइकास भरपाई देणें. पहिले दोन आपण होऊन करावयाचे असतात, म्हणून ते डोळ्यांत सलतात. तिसरा न बोलावितां येतो, आणि फायगेनबाउम ह्यांच्या मतें सर्वांत मोठा तोच असतो.

हबल दुर्बिणीचें उदाहरण घेऊं. तिचा मुख्य आरसा २.४ मीटर व्यासाचा आहे. तो घांसतांना त्याचा आकार तपासणाऱ्या यंत्रांत एक भिंग १.३ मिलिमीटर चुकीच्या जागीं बसलें होतें. त्यामुळें चुकीच्या मापाबरहुकूम आरसा मोठ्या काळजीनें घांसला गेला, आणि त्याची कड केंसाच्या जाडीच्या सुमारें पन्नासाव्या हिश्श्याइतकी अधिक सपाट झाली. दुसऱ्या दोन उपकरणांनीं दोष दाखविला होता. परंतु तीं कमी अचूक समजलीं जात, म्हणून त्यांची साक्ष मानली गेली नाहीं. वेळ व पैसा ह्यांची ओढ होती. स्वतंत्र परीक्षा झाली नाहीं.

एप्रिल १९९० मध्यें दुर्बीण अवकाशांत गेली, आणि तिचीं चित्रें अंधुक आलीं. मग बैल गेला आणि झोंपा केला, अशी गत झाली. कारखान्यांत एक भिंग सरकवून टळला असता असा दोष निस्तरण्यासाठीं डिसेंबर १९९३ मध्यें सात अंतराळवीर पाठवावे लागले, आणि त्यांच्यापैकीं चौघांनीं पाळीपाळीनें पांच वेळां यानाबाहेर पडून काम केलें.

खर्च आटोक्यांत ठेवणें म्हणजे तपासणी कमी करणें नव्हे. दोष जितका लवकर सांपडेल तितका तो स्वस्तांत सुटतो. कागदावर दिसलेली चूक रबरानें पुसतां येते. सांचा झाल्यावर दिसली तर सांचा मोडावा लागतो. माल विकल्यावर दिसली तर पैशाबरोबर नांवही जातें.

आणखी एक गोष्ट विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावी. ज्या रीतीनें गणित केलें त्याच रीतीनें ताळा पाहिला, तर तीच चूक पुन्हां बरोबर दिसते. म्हणून ताळा दुसऱ्या रीतीनें पाहावा. आणि तो जुळला नाहीं, तर ताळ्यास दोष देण्यापूर्वीं गणित पुन्हां तपासावें.