संघाचे उद्दिष्ट : ठरवणे आणि त्याचा मागोवा घेणे

व्यवस्थापनाच्या कार्यांमध्ये आपण नियोजन आधी शिकतो आणि नियंत्रण सगळ्यात शेवटी. पेपरात दोन्हींची उत्तरं वेगवेगळी लिहायची असतात, म्हणून ती दोन वेगळी कामं आहेत असं वाटतं. कामाच्या ठिकाणी मात्र तसं नसतं. उद्दिष्ट ठरवतानाच ते मोजायचं कसं हे ठरलं नाही, तर पुढे नियंत्रण करायला हातात काहीच राहत नाही.

उद्दिष्टांद्वारे व्यवस्थापन ही कल्पना पीटर ड्रकर यांनी १९५४ मध्ये 'द प्रॅक्टिस ऑफ मॅनेजमेंट' या पुस्तकात मांडली. 'स्मार्ट' उद्दिष्टांची कल्पना जॉर्ज डोरन यांच्या १९८१ च्या लेखातली. त्यातल्या 'ए' चा अर्थ आज सगळीकडे 'साध्य होण्याजोगे' असा सांगतात. डोरन यांनी मात्र तिथे 'असाइनेबल', म्हणजे 'कोणाकडे सोपवले आहे' हे लिहिलं होतं. संघाच्या कामात मला हा मूळ अर्थच जास्त उपयोगी वाटतो. "आपण सगळे मिळून करू" असं म्हटलं की बहुतेक वेळा ते काम कोणाचंच राहत नाही.

आता एक उदाहरण नीट पाहू. १९७९ च्या शेवटी इंटेल कंपनीची ८०८६ ही चिप स्पर्धेत मागे पडत होती. मोटोरोलाच्या चिपची अभियंत्यांमध्ये जास्त वाहवा होती. तेव्हा इंटेलने 'ऑपरेशन क्रश' नावाची मोहीम काढली. "विक्री वाढवा" असं नुसतं सांगितलं नाही. १९८० या एका वर्षात २००० 'डिझाइन विन' मिळवायचे, असं ठरवलं. डिझाइन विन म्हणजे ग्राहक कंपनीने आपल्या नव्या यंत्रासाठी आपली चिप निवडणे.

इथे खरी हुशारी आहे. चिपचे पैसे यायला बराच काळ लागतो, कारण यंत्र तयार होऊन बाजारात यावं लागतं. फक्त विक्रीचा आकडा धरला असता तर चूक कळेपर्यंत वर्ष संपलं असतं. निवड मात्र लगेच मोजता येते. शिवाय २००० चा आकडा ऐकायला प्रचंड वाटला, तरी प्रत्येक विक्री प्रतिनिधीच्या वाट्याला महिन्याला साधारण एकच निवड येत होती. म्हणजे संघाचं उद्दिष्ट प्रत्येकाच्या डायरीत मावलं! वर्षाअखेर सुमारे २५०० निवडी मिळाल्या. पुढे १९८१ च्या आयबीएम पर्सनल कॉम्प्युटरमध्ये याच घराण्यातली ८०८८ चिप बसली.

दुसरी बाजूही बघायला हवी. अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेत प्रत्येक ग्राहकाला बँकेच्या आठ सेवा विकायच्या, असं उद्दिष्ट होतं. आकडा स्पष्ट होता. मागोवा तर इतका कडक, की शाखांमध्ये दिवसातून अनेक वेळा विचारणा व्हायची. मग काय झालं? नोकरी टिकवायला कर्मचाऱ्यांनी ग्राहकांना न विचारता त्यांच्या नावावर लाखो खाती उघडली. काही ग्राहकांना न घेतलेल्या खात्यांचं शुल्कही भरावं लागलं. २०१६ मध्ये बँकेला १८.५ कोटी डॉलर दंड झाला आणि सुमारे ५३०० जणांना काढल्याचं उघड झालं. त्यातले बहुतेक खालच्या पदांवरचे, हे लक्षात घ्या.

मोजणं दोन्हीकडे होतं. पण इंटेलमध्ये आकडा वाढायला बाहेरच्या ग्राहकाने 'हो' म्हणावं लागत होतं. बँकेत तो कर्मचाऱ्याला ग्राहकाशिवायही वाढवता येत होता. म्हणून आढावा बैठकीत "किती झालं?" याच्या जोडीला "कसं झालं?" आणि "कुठे अडलं?" हेही विचारावं लागतं. अडचण सांगणाऱ्याला बोलणी बसली, की पुढच्या आठवड्यापासून सगळे अहवाल छान येऊ लागतात.

स्वाध्याय : तुमच्या महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलन समितीसाठी एका महिन्याचं एक उद्दिष्ट लिहा. ते कोणाकडे सोपवलं आहे, दर आठवड्याला काय मोजणार, आणि काम न करताच तो आकडा फुगवायचा झाल्यास कसा फुगवता येईल, हेही लिहा.