सागाचे ऊतिसंवर्धन : तंत्रज्ञान, अर्थकारण आणि शेतकऱ्याचे हित

इमारती लाकडाची मागणी वाढत असताना नैसर्गिक वनांतील तोडीवर बंधने येत गेली, हा भारताच्या वनविषयक अर्थव्यवस्थेतील मध्यवर्ती पेच आहे. १९८८ च्या राष्ट्रीय वन धोरणाने पर्यावरणीय समतोलाला अग्रक्रम दिला आणि वनाधारित उद्योगांनी आपला कच्चा माल शेतकऱ्यांच्या सहकार्याने निर्माण करावा, अशी अपेक्षा व्यक्त केली. सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन प्रकरणात डिसेंबर १९९६ मध्ये दिलेल्या आदेशानंतर वनांतील वृक्षतोड अधिक नियंत्रित झाली. २०१४ मध्ये म्यानमारने ओंडक्यांची निर्यात थांबविल्याने आयातीचा एक जुना मार्गही बंद झाला. अशा परिस्थितीत शेतजमिनीवरील सागाला महत्त्व येणे स्वाभाविक होते. त्या संदर्भात ऊतिसंवर्धन, म्हणजेच टिश्यू कल्चर, या तंत्राकडून काय अपेक्षावे आणि काय अपेक्षू नये, हे समजून घेणे आवश्यक ठरते.

बियाण्याची मर्यादा

सागाचे फळ कठीण कवचाचे असते. त्यातील बिया सावकाश, अनियमितपणे आणि कमी प्रमाणात उगवतात. केरळमधील निलांबूर येथे मलबारचे जिल्हाधिकारी कोनोली आणि त्यांचे सहकारी चातू मेनन यांनी १८४० च्या दशकात सागाची लागवड सुरू केली, तेव्हाही बी उगविणे हीच पहिली अडचण ठरली होती. पुढे वर्षभराच्या रोपाचे सोटमूळ आणि खोडाचा थोडा भाग राखून तयार केलेली ‘जडी’ लावण्याची पद्धत रूढ झाली. तिने लागवड सोपी केली. मात्र दुसरा प्रश्न उरलाच. सागात प्रामुख्याने परपरागीभवन होते. त्यामुळे सरळ, उंच वृक्षाच्या बियांपासून तितकीच सरळ झाडे येतील याची शाश्वती नसते. उत्तम वृक्षाचे गुण जसेच्या तसे पुढे न्यायचे असतील, तर कायिक अभिवृद्धीचा आधार घ्यावा लागतो.

प्रक्रियेचे टप्पे

वनस्पतीच्या एका पेशीत संपूर्ण वनस्पती घडविण्याची क्षमता असते, ही कल्पना हाबरलांड या शास्त्रज्ञाने १९०२ मध्ये मांडली. १९६२ मध्ये मुराशिगे आणि स्कूग यांनी सिद्ध केलेले पोषक माध्यम आजही मोठ्या प्रमाणावर वापरले जाते.

प्रक्रियेचे सामान्यतः चार टप्पे मानले जातात. प्रथम, निवडलेल्या मातृवृक्षाच्या फांदीचा कळी असलेला तुकडा निर्जंतुक करून माध्यमावर ठेवतात. दुसऱ्या टप्प्यात सायटोकायनिन या संप्रेरकाच्या साहाय्याने नवे कोंब वाढवितात आणि ते पुन:पुन्हा विभागतात. तिसऱ्या टप्प्यात ऑक्झिन गटातील संप्रेरकाने मुळे आणली जातात. चौथा टप्पा रोप कणखर करण्याचा, म्हणजे हार्डनिंगचा. बाटलीतील दमट हवेत वाढलेल्या रोपाच्या पानांवर मेणाचा थर पातळ असतो व पर्णरंध्रे नीट मिटत नाहीत. म्हणून ते आधी भरपूर आर्द्रतेच्या कक्षात आणि मग क्रमाक्रमाने उघड्या हवेत आणावे लागते. या टप्प्यात हयगय झाल्यास आधीचा सारा खर्च वाया जातो.

प्रत्येक फेरीत एका कोंबाचे तीन झाले असे गृहीत धरल्यास दहा फेऱ्यांत सिद्धान्ततः ५९,०४९ कोंब मिळतात. मात्र वृक्षांच्या बाबतीत एक विशेष अडचण असते. झाडाचा दर्जा ते प्रौढ झाल्यावरच कळतो. आणि प्रौढ झाडाच्या ऊती प्रयोगशाळेत सहजासहजी प्रतिसाद देत नाहीत. कापलेला भाग काळवंडतो, जंतुसंसर्ग होतो, मुळे फुटत नाहीत. म्हणून खोडाच्या बुंध्यातून फुटलेले कोवळे धुमारे किंवा कापलेल्या फांद्यांवर फोडून घेतलेले नवे कोंब वापरले जातात.

भारतातील वाटचाल

या क्षेत्रात भारताचे काम उल्लेखनीय आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. ए. एफ. मस्करेन्हास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सागाच्या ऊतिसंवर्धनाची पद्धती विकसित करून १९८० मध्ये प्रसिद्ध केली. १९८९ मध्ये जैवतंत्रज्ञान विभागाच्या साहाय्याने या प्रयोगशाळेत आणि ‘टेरी’ या संस्थेत प्रायोगिक उत्पादन केंद्रे उभारण्यात आली. त्यांचेच पुढे सूक्ष्मअभिवृद्धी तंत्रज्ञान उद्यानांत रूपांतर झाले.

अर्थकारणाची कसोटी

वृक्षशेतीत काळ हाच सर्वांत महाग घटक असतो. वार्षिक १० टक्के दर धरल्यास ६० वर्षांनी मिळणाऱ्या १०० रुपयांचे आजचे मूल्य अवघे ३३ पैसे भरते. तेच २० वर्षांनी मिळाल्यास सुमारे १५ रुपये. तोड लवकर व्हावी हा आग्रह यातूनच येतो.

पण हाच हिशेब उलट बाजूनेही मांडला पाहिजे. ऊतिसंवर्धित रोपासाठी शेतकऱ्याने २० रुपये जादा मोजले, असे समजू. त्याच दराने २० वर्षांनी ही रक्कम सुमारे १३५ रुपये होते. विरळणीत निम्मी झाडे निघाली आणि त्यांचे उत्पन्न किरकोळ असले, तर उरलेल्या प्रत्येक झाडाने सुमारे २७० रुपये अधिक मिळवून दिले, तरच हा जादा खर्च भरून निघेल. शिवाय लवकर तोडलेल्या सागात गाभ्याच्या पक्क्या लाकडाचे प्रमाण कमी असते व त्याला भावही कमी मिळतो. म्हणूनच वीस वर्षांच्या सागाचा हिशेब जुन्या सागाच्या दराने मांडणे दिशाभूल करणारे आहे. जमिनीची खोली, पाण्याचा निचरा, विरळणी आणि छाटणी यांची उणीव कोणतेही रोप भरून काढू शकत नाही.

जोखीम आणि नियमन

एकाच वृक्षाच्या प्रतिकृती सर्वत्र लावल्यास पाने खाणाऱ्या अळ्यांसारख्या किडींचा अथवा रोगाचा धोका वाढतो. त्यामुळे अनेक निवडक वृक्षांच्या प्रतिकृतींची मिश्र लागवड हितावह ठरते.

दुसरी जोखीम बाजारपेठेची. १९९० च्या दशकात अनेक वृक्षलागवड कंपन्यांनी सागाच्या नावाने अवास्तव परताव्याची आश्वासने देऊन ठेवी गोळा केल्या आणि असंख्य गुंतवणूकदारांची बचत बुडाली. त्यानंतर १९९९ मध्ये ‘सेबी’ने सामूहिक गुंतवणूक योजनांविषयीचे विनियम लागू केले. रोपांच्या दर्जासाठी २००६ मध्ये बियाणे अधिनियम, १९६६ अन्वये ऊतिसंवर्धित रोपांची राष्ट्रीय प्रमाणन व्यवस्था सुरू झाली. तीत प्रामुख्याने रोपे विषाणुमुक्त व जनुकीयदृष्ट्या एकसारखी असल्याची तपासणी होते. मातृवृक्ष मुळात श्रेष्ठ होता की नाही, याचे उत्तर या प्रमाणपत्रातून मिळत नाही, हे ध्यानात ठेवले पाहिजे. सामान्य झाडाच्या लाखभर अचूक प्रतिकृती म्हणजे लाखभर सामान्य झाडेच होत.

खासगी जमिनीवरील सागाची तोड व वाहतूक यांसाठीही अनेक राज्यांत परवानगी लागते. महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड नियमन अधिनियमाच्या सूचीत सागाचा समावेश आहे. २०१४ च्या राष्ट्रीय कृषिवनीकरण धोरणाने अशा नियमांच्या सुलभीकरणावर भर दिला, तो यामुळेच.

समारोप

ऊतिसंवर्धन हे निवडीचे फळ वेगाने पसरविणारे साधन आहे. ते निवडीची जागा घेऊ शकत नाही. त्याचा लाभ शेतकऱ्यापर्यंत पोहोचण्यासाठी तीन गोष्टी आवश्यक आहेत : मातृवृक्षांची शास्त्रशुद्ध निवड आणि त्यांच्या प्रतिकृतींच्या विविध प्रदेशांतील दीर्घकालीन चाचण्या, रोपासोबत मातृवृक्षाची माहिती देण्याचे बंधन, आणि तोड-विक्रीची सुलभ व्यवस्था. हंगामी पीक फसले तर शेतकऱ्याचे एक वर्ष जाते. साग फसला तर उमेदीची वीस वर्षे जातात. जैवतंत्रज्ञानविषयक धोरणाचे मूल्यमापन करताना निर्माण झालेल्या रोपांच्या संख्येइतकेच त्या वीस वर्षांनाही महत्त्व दिले जाणे गरजेचे आहे.